मोटिफ शोधायला बसण्याआधी: मीम सूट वापरणाऱ्यांसाठी

मोटिफ म्हणजे अनेक डीएनए किंवा प्रोटीन सीक्वेन्समध्ये थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. तो शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची एक खोड आधीच सांगून ठेवते. ते कधी रिकाम्या हाताने परत येत नाही. मीमकडे, म्हणजे मीम सूटमधल्या मोटिफ शोधणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमकडे, तीन मोटिफ मागितले की ते तीन मोटिफ देतं. सीक्वेन्समध्ये खरंच काही असो वा नसो, रंगीत लोगो (मोटिफमधल्या अक्षरांचं चित्र) आणि सुबक तक्ता मिळतोच. त्यामुळे बटण दाबण्याच्या आधी काय करायचं आणि नंतर काय तपासायचं, यावरच इथे जास्त लिहिलं आहे. बटण कुठे आहे ते कुणालाही सापडतं.

लॅबमध्ये माझ्याकडे फास्टा फाईल (सीक्वेन्सची साधी टेक्स्ट फाईल) घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते: पॅटर्न माहीत आहे का? बऱ्याच जणांना तो माहीत असतो. एखाद्या पेपरमध्ये छापलेला असतो, आणि त्यांना फक्त तो आपल्या जीनोममध्ये कुठे कुठे आहे हे बघायचं असतं. अशा कामाला मीम लागत नाही. एम्बॉस पॅकेजमधलं फझन्यूक (प्रोटीनसाठी फझप्रो) किंवा सीककिटमधली लोकेट ही कमांड पुरते. दोन्हींना अनिश्चित अक्षरं कळतात: एन म्हणजे चारपैकी कोणतंही, आर म्हणजे ए किंवा जी, वाय म्हणजे सी किंवा टी. सीककिटला ही अक्षरं वापरल्याचं वेगळ्या ऑप्शनने सांगावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा. सीककिट डीएनएचे दोन्ही स्ट्रँड (धागे) आपणहून बघतं, फझन्यूकला उलट्या स्ट्रँडसाठी सांगावं लागतं.

ग्रेप, म्हणजे टेक्स्ट शोधणारी साधी कमांड, मात्र वापरू नका. फास्टा फाईलमध्ये सीक्वेन्स ओळींमध्ये तोडलेला असतो आणि ग्रेप ओळीपलीकडे बघत नाही. ओळ 60 अक्षरांची आणि पॅटर्न 16 अक्षरांचा असेल, तर दर 60 पैकी 15 सुरुवातीच्या जागा अशा असतात जिथून पॅटर्न पुढच्या ओळीत सांडतो. म्हणजे चौथा हिस्सा गेला. शिवाय उलटा स्ट्रँड राहिला तो राहिलाच.

आता एक खरं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. ई. कोलायच्या डीएनएला इजा झाली की एसओएस जीन्स सुरू होतात. एरवी त्यांना लेक्सए नावाचं प्रोटीन दाबून ठेवतं. लेक्सए ज्या जागी बसतं त्याचा पुस्तकी पॅटर्न असा: सीटीजीटी, मग कोणतीही आठ अक्षरं, मग एसीएजी. एकूण 16 अक्षरं. हा पॅटर्न उलट्या स्ट्रँडवरही तसाच वाचला जातो, म्हणून दुसरा स्ट्रँड वेगळा मोजायला नको.

शोध चालवण्याआधी कागदावर एक गुणाकार करा. ही सवय लागली की निम्मी फसगत टळते. पॅटर्नमध्ये ठरलेली अक्षरं आठ. चारचा आठवा घात 65,536. ई. कोलाय के-12 चा जीनोम सुमारे 46.4 लाख बेसचा, आणि त्यात चारही अक्षरं जवळजवळ सारख्या प्रमाणात. भागाकार केला की उत्तर येतं 71 च्या आसपास. म्हणजे लेक्सए नावाचं काही जगात नसतं तरीही हा पॅटर्न सत्तरेक ठिकाणी निव्वळ योगायोगाने सापडला असता. यादीत शंभर जागा आल्या म्हणून हुरळून जायचं कारण नाही. त्यातल्या किती जीनच्या सुरुवातीच्या आधी, प्रमोटरच्या (जीन जिथून चालू होतो त्या भागाच्या) अंगावर पडतात, हे बघायचं.

आणि दुसरी बाजू याहून वाईट आहे. हा पुस्तकी पॅटर्न खऱ्या जागाच सोडून देतो. एसओएस जीन्ससमोरच्या, प्रयोगांनी सिद्ध झालेल्या आठ जागांचा शेवटचा भाग बघा. रेकए, सुलए, यूएमयूडी आणि लेक्सएच्या स्वतःच्या जीनसमोरची पहिली जागा, या चौघांत शेवटी एसीएजी आहे. यूव्हीआरबी, रेकएन आणि लेक्सएची दुसरी जागा, या तिघांत सीसीएजी. यूव्हीआरएमध्ये टीसीएजी. आठपैकी चार जागा एका अक्षरापायी गेल्या! बरं, ते अक्षर सैल सोडलं, म्हणजे एच्या जागी एन लिहिलं, तर आठही सापडतात, पण मग ठरलेली अक्षरं सात उरतात, पॅटर्न उलटसुलट सारखा राहत नाही, दोन्ही स्ट्रँड मोजावे लागतात आणि योगायोगाने मिळणाऱ्या जागा सत्तरवरून पाचशेच्या आसपास जातात.

पॅटर्नला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. मोटिफ मॅट्रिक्सला, म्हणजे प्रत्येक स्थानावर कोणतं अक्षर किती वेळा येतं त्या तक्त्याला, 'बहुतेक' म्हणता येतं. वरच्या आठ जागांमध्ये त्या वादग्रस्त स्थानावर ए चारदा, सी तीनदा, टी एकदा आणि जी एकदाही नाही. मॅट्रिक्स ही मोजणी जशीच्या तशी ठेवतं. ए असेल तर चांगले गुण, सी असेल तर थोडे कमी, टी असेल तर वजा, आणि जी असेल तर भरपूर वजा, पण दार बंद नाही, कारण शून्याच्या जागी सॉफ्टवेअर एक छोटा आकडा घालतं. आठच जागा बघितल्या आहेत, नवव्या जागेत जी असूच शकत नाही असं म्हणायला आपल्याकडे आधार नसतो. लोगोमध्ये अक्षरांची उंची याच मोजणीवरून येते. पुढची सीएजी ही तीन अक्षरं आठही जागांत पक्की, म्हणून त्यांची उंची डीएनएसाठी शक्य तेवढी, म्हणजे दोन बिट (बिट हे माहितीचं माप). वादग्रस्त स्थानाची उंची जेमतेम 0.6 बिट. (जागा थोड्या असल्या की काही प्रोग्रॅम दुरुस्ती लावून ही उंची आणखी कमी दाखवतात, म्हणून दोन प्रोग्रॅमचे लोगो हुबेहूब जुळले नाहीत तर घाबरू नका.)

मॅट्रिक्स जागांवरून बनतं, आणि जागा माहीत नसतील तेव्हा मीम लागतं. टिमथी बेली आणि चार्ल्स एल्कन यांनी 1994 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: आधी एक अंदाजी मॅट्रिक्स घ्यायचं, त्यावरून जागा ठरवायच्या, त्या जागांवरून मॅट्रिक्स सुधारायचं, आणि दोन्ही स्थिर होईपर्यंत हेच करत राहायचं. आज मीम सूटमध्ये बरीच वेगवेगळी अवजारं आहेत, ब्राउझरमध्ये चालतात किंवा बायोकोंडातून आपल्या मशीनवर बसवता येतात. अभ्यास-संशोधनासाठी फुकट आहे, कंपनीत वापरायचं असेल तर परवाना घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ इनपुटला द्या. समजा एसओएसमध्ये सुरू होणाऱ्या जीन्सची यादी आहे आणि त्यांच्यासमोरचे 250 बेस काढायचे आहेत. स्ट्रँड सांभाळा. वजा स्ट्रँडवरच्या जीनचं 'समोर' म्हणजे क्रोमोसोमवरचा मोठा आकडा, लहान नव्हे. बेडटूल्सने सीक्वेन्स काढताना स्ट्रँडचा ऑप्शन दिला नाही तर ते निमूट अधिक स्ट्रँड देतं, तक्रार करत नाही. जीन्सच्या जागा लिहिणाऱ्या फाईलींपैकी बेड फाईलमध्ये मोजणी शून्यापासून आणि जीएफएफमध्ये एकापासून, हेही आहेच, पण एका बेसच्या फरकाने मोटिफ हरवत नाही. स्ट्रँड चुकला तर जीनच्या मागचा भलताच तुकडा हातात येतो.

मग ऑपेरॉन. बॅक्टेरियात एकामागोमाग एक जीन एकाच प्रमोटरवर चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या जीनसमोरचे 250 बेस म्हणजे बहुतेक आधीच्या जीनचं पोट, तिथे लेक्सए बसत नाही. ऑपेरॉनमागे फक्त पहिला जीन ठेवा.

आणि पाठीला पाठ लावून बसलेले जीन. यूव्हीआरए आणि एसएसबी हे दोघे विरुद्ध दिशांना जातात आणि मधली जागा दोघांची एकच. दोघांसमोरचे तुकडे काढले तर तोच डीएनए फाईलमध्ये दोनदा येतो, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. दोन्ही स्ट्रँड बघायला सांगितलेल्या मीमला मग पन्नास अक्षरांचा तंतोतंत जुळणारा 'मोटिफ' मिळतो, जागा दोनच, आणि ई-व्हॅल्यू (योगायोगाचं माप, जितकी लहान तितकी चांगली) अशी की बघत राहावं. पहिल्याच नंबरवर फक्त दोन जागांचा, लांबलचक, एकाही अक्षराचा फरक नसलेला मोटिफ दिसला की इनपुट फाईल उघडा. तेच तिकडे एकाच कुटुंबातल्या जीन्सचं आणि ट्रान्सपोझॉनचं (जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनए तुकड्यांचं). युकॅरिओटमध्ये (पेशीत केंद्रक असलेल्या जीवांमध्ये) काम असेल तर रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, आधी झाका. जीनोम ब्राउझरमधून आलेल्या फाईलमध्ये ते लहान लिपीतल्या अक्षरांनी दाखवलेले असतात, त्यांच्या जागी एन घातलेली फाईल घ्या, लहान-मोठ्या अक्षरांच्या भरवशावर राहू नका.

आता मीमचा फॉर्म. मोटिफच्या लांबीचा डिफॉल्ट वेबवर 6 ते 50 असतो. बॅक्टेरियाच्या रेग्युलेटरसाठी (लेक्सएसारख्या प्रोटीनसाठी) वरची मर्यादा मी 20 ते 25 वर आणते, युकॅरिओटच्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरसाठी (तिथल्या तशाच कामाच्या प्रोटीनसाठी) 15 वर. जागांची वाटणी हा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि तिथे तीन पर्याय आहेत: प्रत्येक सीक्वेन्समध्ये नेमकी एक जागा, शून्य किंवा एक जागा, कितीही जागा. पहिला पर्याय फारच धाडसी आहे, त्यात मोटिफ नसलेल्या सीक्वेन्समधूनही मीम एक जागा ओढून काढतं आणि मॅट्रिक्स गढूळ होतं. सुरुवात 'शून्य किंवा एक'ने करा. लेक्सएच्या जीनसमोर दोन जागा आहेत, त्यातली एकच या पर्यायात मोजली जाते, पण मॅट्रिक्स बनायला तेवढं पुरतं. दुसरी जागा नंतर फिमोने (मॅट्रिक्स घेऊन जागा शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) सापडेल. 'कितीही जागा' हा पर्याय हळू चालतो आणि टीटीटीटी किंवा एटीएटीसारख्या भरताड सीक्वेन्सच्या मागे लागतो, म्हणून तसंच कारण असेल तेव्हाच घ्या.

पॅलिन्ड्रोमची, म्हणजे दोन्ही स्ट्रँडवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या मोटिफची, सक्ती करणारा चौकोनही फॉर्ममध्ये आहे. लेक्सएला ती शोभते. तरी पहिल्या फेरीत चौकोन रिकामा ठेवा. मोटिफ सक्तीशिवाय दोन्हीकडून सारखा निघाला, तर तो पुरावा झाला. सक्ती करून निघाला, तर तो तुम्हीच घातलेला.

पार्श्वभूमीबद्दल, म्हणजे बॅकग्राउंडबद्दल, फार कमी जण विचार करतात. मलेरियाच्या परजीवीचा, प्लाझमोडियम फाल्सिपेरमचा, जीनोम 80 टक्क्यांच्या आसपास ए आणि टी यांचा. तिथे टीएटीएटीए सापडलं यात नवल काय? मीम डिफॉल्टने फक्त एकेका अक्षराचं प्रमाण बघतं. सस्तन प्राण्यांच्या जीनोममध्ये सीच्या पाठोपाठ जी येणं अपेक्षेपेक्षा बरंच कमी असतं आणि एकेकट्या अक्षरांच्या प्रमाणातून ते कळत नाही, म्हणून तिथे बॅकग्राउंडची ऑर्डर (आधीची किती अक्षरं लक्षात घ्यायची तो आकडा) वाढवून दोन करा. याहून चांगलं म्हणजे तुलनेचा दुसरा संच देणं: त्याच जीवाच्या, तेवढ्याच लांबीच्या, पण एसओएसमध्ये न बदलणाऱ्या जीन्ससमोरचे तुकडे. डिस्क्रिमिनेटिव्ह मोड त्यासाठीच आहे. त्यात सगळ्या प्रमोटरमध्ये असणारं टीएटीएएटी आपोआप मागे पडतं आणि फक्त तुमच्या यादीचं वैशिष्ट्य वर येतं.

सीक्वेन्स पन्नासपेक्षा जास्त असतील तर मीमऐवजी त्याच सूटमधलं स्ट्रीम चालवा. ते वेगवान आहे आणि दहावा हिस्सा सीक्वेन्स बाजूला ठेवून त्यांच्यावर मोटिफची परीक्षा घेतं. मीम मोठ्या फाईलमध्ये सगळा डेटा वापरतच नाही, शोधासाठी डिफॉल्टने फक्त एक लाख अक्षरांइतका नमुना उचलतं. हजारो पीक (प्रोटीन बसल्याच्या खुणा) असलेल्या चिप-सीक डेटासाठी, म्हणजे प्रोटीन डीएनएवर कुठे कुठे बसलं हे दाखवणाऱ्या प्रयोगाच्या डेटासाठी, मीम-चिप आहे. त्याला प्रत्येक पीकच्या शिखराभोवती साधारण 500 बेस द्या, सगळे एकाच लांबीचे, शिखर मधोमध. शोध ते मधल्या 100 बेसमध्येच घेतं, बाकीचा भाग मोटिफ खरंच मध्याजवळ गर्दी करतो का, हे सेंट्रीमो या प्रोग्रॅमला बघायला लागतो.

निकाल आला की ई-व्हॅल्यू बघा. तिचा अर्थ: तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक सीक्वेन्समध्ये इतका चांगला किंवा याहून चांगला मोटिफ किती वेळा मिळाला असता. 0.05 पेक्षा कमी असेल तर पुढे बघण्यासारखं. मीम 3,200 अशीही ई-व्हॅल्यू छापतं आणि शेजारी लोगो तेवढाच देखणा काढतं. त्या लोगोवरून प्रेझेंटेशन बनवलेली मंडळी मी पाहिली आहेत.

ई-व्हॅल्यू चांगली आली तरी मी एक फेरी अजून घेते. मीम सूटमध्येच सीक्वेन्सची अक्षरं पिसण्याचा छोटा प्रोग्रॅम आहे. त्यात अक्षरांच्या जोड्यांचं प्रमाण कायम ठेवून पिसायला सांगा, म्हणजे मूळ डीएनएचा पोत राहतो आणि मोटिफ मात्र मोडतात. ही पिसलेली फाईल त्याच सेटिंगने मीमला द्या. तिच्यातूनही एक उत्तम मोटिफ निघाला आणि त्याची ई-व्हॅल्यू खऱ्याच्या जवळपास असली, तर तुमचा खरा मोटिफ खरा नाही. असं दोन-तीनदा वेगवेगळं पिसून बघा. यात वेळ फार जात नाही, आणि मार्गदर्शकांनी "कशावरून?" विचारलं की दाखवायला काहीतरी असतं.

नंतर टॉमटॉम, म्हणजे हा मोटिफ कुणाच्या ओळखीचा आहे का. इथे डेटाबेस निवडताना भान ठेवा. जॅस्पार युकॅरिओटचा आहे. बॅक्टेरियाचा मोटिफ तिथे टाकला तरी टॉमटॉम जवळचा म्हणून कोणता तरी उंदराचा फॅक्टर काढून देतो. बॅक्टेरियासाठी यादीत कलेक-टीएफ आणि प्रोडोरिक आहेत, ते निवडा.

मॅट्रिक्स हातात आलं की पूर्ण जीनोमवर फिमो. त्याची डिफॉल्ट मर्यादा पी-व्हॅल्यू (योगायोगाने तितके गुण मिळण्याची शक्यता) एक दहाहजारांश. ऐकायला कडक वाटते. पण 46.4 लाख जागा, दोन स्ट्रँड, म्हणजे सुमारे 93 लाख चाचण्या, आणि त्यांच्यातून नऊशेच्या वर जागा योगायोगानेच पास होतात. म्हणून क्यू-व्हॅल्यूच्या (इतक्या चाचण्या लक्षात घेऊन सुधारलेल्या आकड्याच्या) रकान्यावर यादी लावा, किंवा मुळात शोध फक्त जीनसमोरच्या भागांपुरता ठेवा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण त्यात जीवशास्त्राची माहिती वापरली जाते. मॅट्रिक्स बनवताना वापरलेल्या जागा फिमोने परत शोधल्या, हा मात्र पुरावा धरू नका. त्या सापडणारच होत्या.

मीमला न जमणारी एक गोष्ट: मधलं अंतर बदलणारे मोटिफ. ई. कोलायच्या प्रमोटरमध्ये टीटीजीएसीए आणि टीएटीएएटी यांच्यात बहुधा 17 बेस असतात, पण 16 किंवा 18 सुद्धा चालतात. मीमच्या मोटिफमध्ये फटी नसतात, त्यामुळे ते या दोघांना सुटे सुटे दाखवतं. फटींसहित शोधायचं तर त्याच सूटमधलं ग्लॅम-2 घ्या.

प्रोटीनबद्दल थोडक्यात, कारण तिथे बरंच तसंच आहे. पी-लूपसारखा ओळखीचा पॅटर्न शोधायचा तर प्रोसाइट हा डेटाबेस. त्याची भाषा सोपी: चौकटी कंसात चालणारी अक्षरं, महिरपी कंसात न चालणारी, एक्स म्हणजे काहीही. पी-लूपचा पॅटर्न म्हणजे ए किंवा जी, मग कोणतीही चार, मग जी, के, आणि शेवटी एस किंवा टी. स्कॅनप्रोसाइटमध्ये वारंवार आढळणारे पॅटर्न वगळण्याचा एक चौकोन असतो, तो तसाच टिक केलेला राहू द्या. तो काढला की एन-ग्लायकोसिलेशनची जागा (एन, मग पी सोडून काहीही, मग एस किंवा टी, मग पुन्हा पी सोडून काहीही) जवळपास प्रत्येक प्रोटीनमध्ये दिसू लागते. हिशेब केला तर दर दोन-अडीचशे अमिनो आम्लांमागे एक योगायोगानेच येते. तुमचं प्रोटीन सायटोप्लाझममध्ये राहणारं असेल तर तिथे ही साखर लागत नाही, पॅटर्न कितीही जुळो.

प्रोटीनमध्ये जागेला फार किंमत असते. एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये परत आणणारी के-डी-ई-एल ही चार अक्षरं सी टोकालाच, म्हणजे प्रोटीनच्या शेवटीच, हवीत. प्रोसाइटच्या पॅटर्नमध्ये म्हणूनच शेवटी 'पेक्षा मोठं'चं चिन्ह असतं, ते कॉपी करताना गळलं की मधल्या डी-ई-एलही यादीत येतात. तीन ते दहा अक्षरांचे छोटे मोटिफ ईएलएम डेटाबेसमध्ये मिळतात, पण ते बहुधा प्रोटीनच्या न घडी झालेल्या, मोकळ्या भागात काम करतात. घडीच्या आत गाडलेली जुळणी सोडून द्या. आणि मीमला एकाच कुटुंबातली प्रोटीन देत असाल तर आधी सीडी-हिटने जवळच्या जुळ्या काढून टाका, नाहीतर अख्खं डोमेनच मोटिफ म्हणून परत येईल.

निकाल साठवताना लोगोच्या चित्रावर थांबू नका. मीमच्या टेक्स्ट फाईलमध्ये व्हर्जन, पूर्ण कमांड, बॅकग्राउंडचे आकडे आणि मॅट्रिक्स सगळं असतं, आणि फिमो व टॉमटॉम तीच फाईल थेट उचलतात. इनपुट फास्टा आणि पिसलेल्या फाईलींचे निकालही त्याच फोल्डरमध्ये टाका. वेब सर्व्हरवरचे निकाल काही दिवसांनी पुसले जातात, तेव्हा डाउनलोड त्याच दिवशी करा.